मंगळवारचं मागचं दार

नगरपालिकेच्या सभागृहात त्या दिवशी एकच रड चालली होती: पेठ बसली! गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथले चार जण माझ्याशी भांडायला येतील. जळगाव-धुळे रस्त्यावरचं गाव, साल त्र्याण्णव, एवढं पुरे. मंगळवारच्या बाजाराला पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसायची आणि आता दुकानदार भर दुपारी जांभया देत होते. कोणी म्हणे टीव्हीमुळे, कोणी म्हणे हायवेमुळे, कोणी म्हणे लोकांना जळगावची चटक लागली.

नगराध्यक्ष लीलाधरभाऊंनी टेबलावर हात आपटला. "पेठ पुन्हा उभी करायची! कमान, फरशी, पिवळे दिवे आणि चौकात कारंजं! शालिग्रामराव, महिन्याभरात आराखडा द्या."

शालिग्राम हा पालिकेतला ओव्हरसियर. कामाला चोख, पण भारी भिडस्त. पेठेतलं मोठं कापडदुकान त्याच्या थोरल्या भावाचं, जीवरामनानाचं. तेव्हा पेठेचं दुखणं म्हणजे त्याच्या घरचंच दुखणं होतं.

मंगळवारी तो मोजमापाची टेप घेऊन हसीनाबीच्या बांगड्यांच्या दुकानापाशी आला. तीस वर्षं गावातल्या आणि खेड्यांतल्या बायांचे हात हसीनाबीच्या हातात होते.

"भाऊ, ते मोजणं ठेवा जरा," ती म्हणाली. "घडीभर बसा आणि बघा."

शालिग्राम बसला. खेड्यावरची एक बाई बांगड्या भरत होती. एक हात भरून झाला आणि ती चुळबुळायला लागली. "दुसरा हात पुढल्या मंगळवारी," म्हणाली आणि स्टँडकडे पळत सुटली.

"एस्टी चुकेल म्हणून?" त्याने विचारलं.

"एस्टीला अजून तासभर आहे. बाईमाणसाला जायला जागा नाही भाऊ, या अख्ख्या पेठेत! सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत बिचाऱ्या. आणि तुम्ही कारंजं बांधताय! पाणी उडताना बघून त्यांची आणखी पंचाईत व्हायची."

शालिग्राम कानापर्यंत लाल झाला. हसीनाबी मात्र थांबली नाही. "तुमची अम्मा दुकानाच्या वरच राहायची ना, तेव्हा मंगळवारी मागचं दार दिवसभर उघडं असायचं. कोणत्याही जातीची बाई असो, सरळ आत परसातल्या मोरीत जायची. अम्मा हंडा भरून ठेवायची. मग नाना कॉलनीत राहायला गेले, मोरी मोडली आणि दाराला कुलूप लागलं. दुकानांवरची सगळीच बिऱ्हाडं गेली, सगळीच दारं लागली. तेव्हापासून पेठ पडली बघा."

म्हणणं त्याला पटलं. त्याने नकाशा काढला, नळाची लाइन पाहिली, गटार पाहिली. दोन्ही एकत्र येत होत्या त्या नेमक्या नानाच्या दुकानामागच्या बंद परसात! तिथे त्याने एक लहानसा चौकोन काढला आणि लिहिलं, 'स्त्रियांसाठी स्वच्छतागृह'.

नानाने ते पाहिलं मात्र, त्याचा पारा चढला. "माझ्या दुकानाला चिकटून संडास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लक्ष्मी राहील का इथे? पूस ते!"

आणि शालिग्रामने पुसलं. हो, पुसलं! मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, पण थोरल्या भावापुढे तोंड उघडलं नाही. त्या जागेवर त्याने कारंज्याची टाकी दाखवून दिली. लीलाधरभाऊ आराखड्यावर बेहद्द खूश झाले.

त्याच आठवड्यात घरात भांडण पेटलं. दोघांची बहीण सुंदरबाई हिच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि लग्नाचा बस्ता तिने जळगावला बांधला! आपल्याकडे बस्ता म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्हीकडची माणसं गाडी करून येतात, बायका दिवसभर गादीवर बसून नवरीच्या शालूपासून आहेराच्या लुगड्यांपर्यंत सगळं निवडतात. सख्ख्या भावाचं दुकान असताना बहीण परक्याच्या गादीवर बसली म्हटल्यावर नानाची पेठेत शोभा झाली.

"सांग तिला," नाना कडाडला, "मामा मेला म्हणावं. नवरीच्या मागे दुसरा कोणी उभा करा!"

शालिग्राम तसाच लुनावर बसून बहिणीच्या गावी गेला. सुंदरबाई ओट्यावर तूर पाखडत होती. भावाला पाहून ती उठली, पण नानाचा निरोप ऐकून सूप बाजूला सारून पुन्हा बसली.

"मायनी शपथ घे, शालिक, नानाले सांगू नको," ती हलक्या आवाजात बोलू लागली. "गया साल मोठीना बस्ता आपलाच दुकानमा बांधा ना? सोळा बाया सकायपासून बठेल व्हत्या. मनी सासू म्हातारी. तीनदा माले इचारं तिनं, 'सुंदर, कोठे जाऊ?' मी काय सांगू? नाना चहा पाजे, सरबत पाजे, बठ्ठं करे. शेवट भर दुकानमा, नवरदेवकडला याहीसना समोर, म्हातारीनं लुगडं वल्लं व्हयनं! तवयपासून ती बाजारनं नाव काढत नही."

"मग नानाला का नाही सांगितलंस, अक्का?"

"आसं भाऊले कोन बहीन सांगी रे?" तिने पदर तोंडाला लावला.

परत येताना त्याच्या डोळ्यांपुढे सारखा तो चौकोन येत होता, त्याने स्वतःच्या हाताने पुसलेला. आता गप्प बसलो तर माणूस म्हणवून घेऊ नये, असं त्याला झालं. बहिणीची विनवणी मोडून तो थेट दुकानात शिरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

नाना भडकेल असं त्याला वाटलं होतं. नाना भडकला नाही. तो गादीच्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"त्या दिवशी इथली चादर ओली दिसली मला," तो अखेर म्हणाला. "मी नोकरांवर ओरडलो होतो, 'कोणी पाणी सांडलं रे इथे?' चारचौघांत, दोन वेळा! म्हातारी खाली मान घालून बसली होती. अरे देवा! मी काय केलं हे!"

पालिकेच्या सभेत शालिग्रामने तो चौकोन परत मांडला. खाली लिहिलेलं त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. लगेच खसखस पिकली. लीलाधरभाऊ हसत म्हणाले, "चांगल्या कामात हा कसला विषय काढता? आणि कोण देणार जागा? आहे कोणी तयार?"

पाठीमागे बसलेल्या व्यापाऱ्यांतून नाना उभा राहिला. "मी देतो. माझं परस घ्या. हसू नका! मीही परवापर्यंत असाच होतो आणि माझ्या सख्ख्या बहिणीने माझा उंबरा सोडला. कमानी बांधून आपण बायांना बोलावणार, आणि दिवसभर त्यांनी कुठे जायचं ते आपल्याला ऐकायचीसुद्धा लाज वाटते? लाज वाटायलाच हवी, पण आपली!"

लीलाधरभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "कारंजं राहू द्या शालिग्रामराव. आधी हे घ्या."

वैशाखात नाना मामा म्हणून भाचीच्या मागे उभा राहिला. आधी तो म्हातारीच्या पाया पडला. तिने पदर सावरून घेतला.

काम मात्र सरकारी. मंजुरी, निविदा, पुन्हा मंजुरी करता करता दोन वर्षं गेली. स्वच्छतागृहाचं दार उघडलं तेव्हा म्हातारी नव्हती. वर्षभरापूर्वीच गेली होती आणि त्या बस्त्याच्या दिवसानंतर तिने एकदाही पेठेत पाऊल टाकलं नव्हतं. ही चुटपुट नानाच्या मनातून कधी गेली नाही.

पेठ काही एकदम बहरली नाही. पण पहिल्याच महिन्यात सुंदरबाईने तिच्या जावेच्या मुलीचा बस्ता नानाच्या दुकानात आणला. नानाने स्वतः पाण्याची कळशी आणि पेले बायकांपुढे ठेवले. पूर्वी सगळ्या जणी 'नको, तहान नाही' म्हणायच्या. सुंदरबाईने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पेले घेतले.

गाववाल्यांनो, बाजार सुधारायचा असेल, शाळा सुधारायची असेल, स्टँड सुधारायचा असेल, तर तिथे दिवस काढणाऱ्या बाईला आधी जाऊन विचारा, आणि ती जे सांगेल ते लाज न वाटता ऐका. शालिग्रामने आराखडा काढला, नानाने जागा दिली, पण विचारलं कोणीच नव्हतं. ती कळशी त्या दुपारी तीन वेळा भरावी लागली.