दुपट्याची पिशवी

"बिअर कसली, घोड्याचं औषध आहे हे. घोडासुद्धा लाथ मारील."

शेजारचा लुबोश लाकडांच्या ढिगाआड उभा राहून स्वतःशीच कुरकुरला आणि इकडेतिकडे बघून हातातला पेला हळूच गूजबेरीच्या झुडपात ओतून मोकळा झाला. ढिगाच्या दुसऱ्या बाजूला ब्लाझेना वाकून सरपण गोळा करत होती. ती तशीच वाकलेली राहिली. त्या झुडपाला यंदा फळ का धरलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं.

लुबोशचा तिला राग आला नाही. कोणत्या तोंडाने येणार? ती स्वतः आपला पेला मोरीत ओतत होती, तेही गेली दोन वर्षं.

तिचा नवरा ओल्द्रिख, घरचा ओल्दा, चाळीस वर्षं हॉप्स वाळवायच्या भट्टीवर होता. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या ह्या हॉप्सची हिरवी बोंडं तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून सांगायचं, हे तळ्यापलीकडच्या शेतातलं, हे चर्चखालच्या तांबड्या मातीतलं. कधी चुकला नाही. गाव त्याला 'नाक' म्हणायचं. घरची बिअरही तो नाकानेच करायचा. माप म्हणून त्याने आयुष्यात हातात धरलं नाही.

मग दोन हिवाळ्यांमागे त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. ब्लाझेनाला ते कळलं कोबी करपला त्या दिवशी. ती अंगणातून धावत आली तर घरभर जळका वास, आणि ओल्दा चुलीपासून दोन हातांवर पेपरातलं कोडं सोडवत बसलेला. "काय झालं?" असं त्यानेच तिला विचारलं. तिने भांडं उचललं, खिडकी उघडली आणि म्हणाली, "काही नाही."

त्या 'काही नाही'वर घर दोन वर्षं चाललं होतं. मुलीला माहीत होतं, लुबोशला माहीत होतं, आणि आपल्याला वास येत नाही हे ओल्दाला स्वतःला माहीत नसणार कसं? पण गाव ज्याला नाक म्हणतं, त्याला नाक राहिलं नाही हे सांगणार कोण? तो बिचारा अंदाजाने हॉप्स वाढवत गेला. मुठीची ओंजळ झाली, ओंजळीची टोपली. बिअर इतकी कडू व्हायला लागली की पाहुणे एका पेल्यावर दोन तास काढायचे आणि "तब्येत सांभाळतोय" म्हणायचे.

हेही एक वेळ चाललं असतं. पण नोव्हेंबरच्या अखेरीला इवेताचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, पावेलशी लग्न होतं. बिअर तळघरात सहा आठवडे निजायला हवी. म्हणजे ह्या शनिवारी जी शिजेल, तीच लग्नात.

"आई, तू सांग ना बाबांना," इवेता आठवडाभर मागे लागली होती. "पावेलने कारखान्याच्या बिअरची दोन पिंपं बघून ठेवलीत. आपण नुसतं हो म्हणायचंय."

"वडील तुझे आहेत. तू सांग."

"नवरा तुझा आहे!"

"मग तुझं लग्न, तुझी पिंपं," ब्लाझेना म्हणाली आणि कणीक तिंबत राहिली. मुलीच्या लग्नात बापाची बिअर नाही, हे त्याला सांगायचं कसं? आणि का, असं त्याने विचारलं तर?

तिने दुसरी वाट काढली. मागच्या खेपेला हॉप्सच्या लगद्याने बिअर शिजवायच्या हंड्याची तोटी तुंबली होती. ओल्दा तिच्या विणायच्या सुईने दुपारभर तोटी टोचत बसला, शिव्या घालत. तेवढं निमित्त पुरेसं होतं.

"तुला पिशवी शिवून देते," ती म्हणाली. "हॉप्स त्यात बांधून सोडायचे. तोटी साफ राहील."

इवेताच्या लहानपणीचं एक सुती दुपटं घरात अजून होतं. कोपऱ्यावर बदक विणलेलं. इतकी वर्षं ते दही गाळायला चालत होतं. तिने त्याची पिशवी शिवली आणि मुद्दाम लहान शिवली, दोन मुठी मावतील एवढी. पिशवीच लहान असली की हॉप्स आपोआप बेताचे पडतील, बिअर पिण्याजोगी होईल, आणि कुणाला काही बोलायला नको.

शनिवारी सकाळी ओल्दाने पिशवी उलटसुलट करून बघितली. "ही काय तंबाखूची चंची आहे?"

"दुपटं तेवढंच उरलंय," ब्लाझेना म्हणाली. उरलेलं दुपटं तिच्या एप्रनच्या खिशात होतं.

पण ओल्दा काही कमी नव्हता. उशीत पिसं कोंबावीत तशी त्याने बोंडं कोंबली, अंगठ्याने दाबली, पुन्हा कोंबली. पिशवी दगडासारखी टणक झाली. वर सुतळीच्या चार गाठी. मग कपडे उकळायच्या त्या जुन्या हंड्यात, माल्टच्या उकळत्या गोड रसात, ती सोडून दिली. विणलेलं बदक वर करून ती दीड तास हेलकावे खात राहिली. ब्लाझेना हात पुसत बघत होती. घ्या, झाली ना आपली युक्ती वाया!

दुपारी इवेता लग्नाच्या छोट्या कोलाच्यांची, सारण भरलेल्या गोड पावांची, ताटली घेऊन आली. हंडा धरायला लुबोशही आला. ओल्दाने पिशवी पळीने बाहेर काढून फळीवर ठेवली आणि तोटी सोडली.

"बघ, कशी धार आहे!" तो लहान मुलासारखा ओरडला. "एक पाकळी नाही! ब्लाझेन्का, हे तू आधी का नाही केलंस गं? लुबोश, घे, पहिला घोट तुझा."

लुबोशने दात उपटून घ्यायला बसावं तसं तोंड केलं आणि घोट घेतला. मग त्याच्या भुवया वर गेल्या. पुन्हा एक घोट घेतला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"गोड कसा असेल?"

"नुसता गोड रे बाबा. पाळण्यातल्या पोराला चालेल. तू ह्यात हॉप्स घातलेस की नाहीस?"

ओल्दाने फळीवरच्या पिशवीकडे बघितलं. खिशातला चाकू काढून त्याने सुतळी कापली. बाहेरचा थर भिजून शेणासारखा झाला होता. त्याच्या आत बोंडं ओलसर होती. आणि मधोमध मुठीएवढा गोळा, वाफेने कोमट झालेला, पण पार कोरडा. इतकी घट्ट पिशवी की फुगायला जागा नाही, रसाला आत जायला वाट नाही.

तो गोळा फुटला आणि धुण्याच्या खोलीत एकदम भट्टीचा वास भरला. ऑगस्टचा वास, राळेचा, गवताचा, मागाहून किंचित लिंबाचा. लुबोशने डोक्यावरची टोपी काढली. इवेताचे डोळे भरून आले. शाळा सुटल्यावर ती धावत भट्टीवर जायची तेव्हा बापाच्या शर्टाला हाच वास असायचा.

ओल्दाने मूठभर बोंडं घेतली. तळहातावर चोळली. पिवळी भुकटी अंगठ्याला लागली. जुन्या सवयीने हात नाकाशी गेला, डोळे मिटले.

तिघांनी तीन दिशांना बघितलं.

"तळ्यापलीकडचं असणार, काय?" लुबोश घाईघाईने म्हणाला.

"किंवा चर्चखालचं," इवेता म्हणाली. "हो ना, बाबा?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दोन वर्षं तो तीच हलवत आला होता. 'काही नाही' म्हणायला ब्लाझेनाचं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तिला दिसलं, ओल्दाने डोळे उघडले होते आणि तो फळीवरच्या उकललेल्या दुपट्याकडे बघत होता. विणलेलं बदक आता हिरवंगार झालं होतं. ब्लाझेनाने तोंड मिटलं, आणि एप्रनच्या खिशातून उरलेलं दुपटं काढून त्याच्यासमोर ठेवलं. मोठी, सैल पिशवी होईल एवढं होतं.

त्याने दुपट्याकडे बघितलं, मग बायकोकडे. तो किंचित हसला. मग त्याने आपला तळहात मुलीच्या नाकासमोर धरला.

"रस अजून गरम आहे, पुन्हा उकळता येईल," तो म्हणाला. "तू हुंग, इवेता, आणि किती घालायचे ते सांग. मला दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही."