मोहाखालचा पाला

मोह टपकायला लागला की आमच्याकडे जो तो आपल्या झाडाखालचा पाला पेटवून देतो. जमीन काळी झाली की पहाटे पडलेली फुलं उठून दिसतात, वेचायला सोपी जातात. दहा मिनिटांचं काम. यंदा मला त्या दहा मिनिटांचीच धास्ती होती.

आमच्या उतारावर नुसता मुरूम उरला होता. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्याने, करणसिंगने, आडवे बांध घातले, आंबा, सीताफळ, शेवगा लावला, मधे तूर पेरली आणि रोपांच्या बुडाशी जाड पाला घातला. तळोद्याला कॉलेजात असताना एका शिबिरात मी हे शिकले होते. आता त्या पाल्याखाली गांडुळं सापडतात. ही झाडं जगली तर गुजरातेत ऊस तोडायला जायचं नाही, असं आमचं ठरलंय. मागच्या खेपेला फडावरच्या झोपडीत आमची दिपाली आठ दिवस तापली होती. तेव्हा सहा महिन्यांची होती पोर. यंदा करणसिंग एकटाच गेला.

सासूला, दगूबाईला, मी याहा म्हणते. दोन वर्षं मी तिला मोहाखाली पेटवू दिलं नाही. फुलांसाठी जुनी लुगडी अंथरली. ती बायकांना सांगायची, "आमची सून शिकलेली. मोहालासुद्धा अंथरूण घालते."

वरच्या शेतातल्या रेवजीकाकाला मी तीनदा सांगून आले होते, पेटवण्याआधी हाक मारा. तो तिन्ही वेळा हो म्हणाला होता.

सकाळी धुराचा वास आला तेव्हा मी दिपालीला पाठीशी बांधलं आणि घागर घेऊन पळाले. वारा वरून खाली येत होता. वाळल्या गवतातून आग आमच्या बांधाकडे सरकत होती आणि रेवजीकाका ओल्या फांदीने तिला झोडपत होता. मी वरच्या ओळीवर पाणी ओतलं. ते पाल्यात कुठे गेलं, कळलंही नाही.

याहाने माझा हात धरला.

"घागर ठेव. ही ओळ आपणच जाळायची. जळल्या जागेत आग शिरत नाही."

"आंबे आहेत याहा, अकरा."

"मग सगळंच जाऊ दे."

तेव्हा मला दिसलं. मोहापासून खालच्या बांधापर्यंत मी पाला सलग पसरला होता, कुठेही खंड नव्हता. शिबिरात त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं आणि आगीची माहिती असलेल्या बाईला मी कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही दोघींनी वरच्या ओळीच्या खालच्या अंगाचा पाला ओढून हातभर रुंद पट्टा उघडा केला. याहाने कनवटीची काडेपेटी माझ्या हातात दिली.

"तू लावलीस, तूच पेटव."

दोन काड्या विझल्या. तिसरी धरली, पट्ट्याच्या वरच्या कडेला. आमची आग उलट्या वाऱ्यावर हळूहळू वर चढली, आंब्यांची पानं चुरचुरली, आणि दोन्ही आगी बांधावर भेटून खाली बसल्या.

रेवजीकाका म्हणाला, हाक मारायची राहिली. याहाने त्याला एवढंच सांगितलं की पावसात आंब्याची अकरा कलमं तुझ्या पाठीवरून इथे येतील. मग मला म्हणाली, पोरीला उतरव, बस जरा.

मी बसले नाही. दिपालीला पाठीवर तशीच घेऊन पट्ट्याच्या कडेने चालत राहिले, दर चार पावलांवर वाकून, पाला कुठे गरम लागतोय का बघत.