बांधावरच्या नऊ जणी

मित्रांनो, बेलखारच्या वाचनालयात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर जो जुना फोटो दिसतो, तो मी. न्हावा-शेव्याच्या खाडीकाठचं हे गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध. त्या बांधावरच माझा जन्म झाला. साल होतं एकोणीसशे तेवीस आणि महिना आश्विन.

माझ्या जन्माला कारण झालं एका खेकड्याचं बीळ. त्या वर्षी भात झकास आलं होतं, लोंब्या भरत आल्या होत्या. पौर्णिमेचं उधाण होतं. गावातले बहुतेक पुरुष पलीकडच्या गावी सप्ताहाला गेले होते. भर दुपारी केसर नावाची बाई लाकूडफाटा आणायला बांधावरून चालली होती. तिला बांधाच्या पोटातून बुडबुड असा आवाज ऐकू आला. बघते तर खेकड्याच्या बिळातून पाणी शेतात येत होतं, आणि बघता बघता ते बीळ घमेल्याएवढं झालं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, पण पुढची काही वर्षंही जमिनीत काही उगवत नाही.

केसरने गावाकडे तोंड करून एक हाळी दिली आणि सरळ त्या भोकात पाठ लावून बसली. हाळी ऐकून तिची मैत्रीण बायजा धावली, तिच्यामागून आणखी सात जणी धावल्या. कोणी पेंढा आणला, कोणी चिखल, कोणी घरातली गोणपाटं. पाणी केसरच्या गळ्याशी आलं तरी ती जागची हलली नाही. ओहोटी लागली तेव्हा कुठे बायकांनी तिला ओढून बाहेर काढलं. त्या साली बेलखारच्या घराघरांत भाताच्या कणग्या भरल्या त्या या नऊ जणींमुळे.

ही गोष्ट उरणला बाबाजी नावाच्या फोटोग्राफरच्या कानावर गेली. बाबाजी तेव्हा तरुण होते आणि नुकतंच त्यांनी फोटोचं दुकान थाटलं होतं. ते तीन पायांचा कॅमेरा होडीत घालून बेलखारला आले. बायका लाजून घरात पळाल्या. बाबाजी म्हणाले, "रंगवलेल्या पडद्यापुढे बसणारी माणसं माझ्या दुकानात रोज येतात. मला बांधावर बसणाऱ्या पाहिजेत." मग बायजाने सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढलं. केसरला अजून कणकण होती, म्हणून ती अगदी डाव्या टोकाला टेकून बसली. बाबाजी काळ्या फडक्यात शिरले, काचेवर माझं रूप उमटलं, आणि त्यांच्या अंधाऱ्या खोलीत मी कागदावर उतरलो. आधी काळीशार लुगडी दिसू लागली, मग हात, आणि शेवटी नऊ चेहरे.

मला चौकटीत बसवून मारुतीच्या देवळात लावलं. काय थाट होता माझा त्या दिवसांत! शिमग्याला माहेरवाशिणी आल्या की आधी देवाच्या पाया पडायच्या आणि मग माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. बायजाची धाकटी पोर जनी मला रोज बघायची. "ही माजी आय, ही केसरमावशी," असं बोट लावून सगळ्यांना सांगायची.

पण कौतुक किती वर्षं टिकणार? केसरची लेक कोकिळा पार दक्षिणेला बोर्ली पंचतनला दिली होती. तिच्या बाळंतपणाला केसर गेली आणि नातवंडांत रमून तिथलीच झाली. एका पावसाळ्यात देवळाचं कौल सरकलं. पाणी भिंतीवरून ओघळत माझ्या चौकटीत शिरलं आणि मी काचेला चिकटलो. पुढे देवळाला रंग देताना कोणीतरी मला उतरवलं आणि माळ्यावर फुटक्या ढोलकीमागे ठेवून दिलं. "मग लावू," असं तो म्हणाला होता. ते ‘मग’ काही आलंच नाही.

अंधारात ओल होती, आणि ओलीबरोबर कसर आली. कसर म्हणजे कागद खाणारा बारीकसा किडा. मी ओरडू शकत नव्हतो. त्या किड्यांनी नेमकी माझी डावी बाजू धरली आणि केसरचा चेहरा कणाकणाने खाऊन टाकला.

एकोणीसशे सदतीसच्या भाद्रपदात मला पुन्हा उजेड दिसला. गावातल्या तरुणांनी वाचनालय काढायचं ठरवलं होतं आणि देवळालगतची खोली झाडायला स्वयंसेवक जमले होते. त्यांत जनी होती. ती आता मोठी झाली होती आणि संध्याकाळी बायकांना अक्षरं शिकवायची. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि एकदम ओरडली, "अगो बाय! ही तर माजी आय!"

मग तिचं बोट सवयीने डावीकडे गेलं आणि थांबलं. तिथे नुसतं भोक होतं. मला वाटलं, आता ही मला पुन्हा माळ्यावर टाकणार. पण जनीने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "दसऱ्याला वाचनालय उघडतोय ना आपण? पहिला मान या फोटोचा. दुरुस्त करायचाच."

तिच्याबरोबर दोघे स्वयंसेवक कामाला लागले. एक हिरामण. तो मुंबईला छापखान्यात पुस्तकं बांधायचा आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं नीट करायला रजा काढून आला होता. दुसरा नामा. तो होड्यांवर नावं रंगवायचा.

हिरामणने मला उजेडात धरून पाहिलं. "काचेला चिकटलाय. ओढला तर सगळ्यांची तोंडं काचेवरच राहतील."

"मग?" जनीने विचारलं.

"मग काय, आंघोळ घालायची."

त्याने परातीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, त्यात तुरटी फिरवली आणि मला काचेसकट आत सोडलं. मित्रांनो, पाण्यानेच माझा घात केला होता आणि आता पुन्हा पाणीच! आपण विरघळून जाणार, अशीच माझी खात्री झाली. जनी परातीशेजारी मांडी घालून बसली. नामाने दोनदा हात पुढे केला आणि हिरामणने दोनदा त्याच्या हातावर चापट मारली. खूप वेळाने माझा एक कोपरा काचेपासून सुटला. हिरामणने खालून हळूच पाणी घातलं, आणि मी अख्खाच्या अख्खा काचेवरून घसरून पाण्यावर तरंगू लागलो. आठही चेहरे माझ्याकडे शाबूत होते. जनीने अशा काही टाळ्या पिटल्या की देवळातली कबुतरं उडाली.

हिरामणने मला सावलीत वाळवलं. गव्हाची खळ शिजवली, किडा लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घातला, आणि मला नव्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. माझी पाठ ताठ झाली. मग उरणहून बाबाजींना बोलावलं. त्यांचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण भोकावर नजर जाताच ते हळहळले.

"ज्या काचेवरून हा छापला, ती कधीच फुटली रे. आता एकच उपाय. ही डावी बाजू कापून टाकू. उरलेल्या आठ जणी झकास दिसतील."

माझ्या अंगावर काटा आला. दारात उभे असलेले दोघेतिघे मान डोलवू लागले. त्यांतला एक जण म्हणाला, "खरं हाय. तशी ती केसर कोन व्हती, आता कोनाला ठाव हाय?"

जनी उठून उभी राहिली. "बाबाजीकाका, भोकात जी बसली तीच ही. बांध तिनं राखला आणि कापायची तिलाच? न्हाय जमायचं. त्यापेक्षा भिंत मोकळी राहिली तरी चालेल."

 बाबाजींनी खिशातून काढलेली कात्री पुन्हा खिशात घातली.

मग नामा पुढे सरसावला. "मी रंगवतो तोंड. सांगा फक्त कसं व्हतं." गावातल्या जुन्या बायका जमल्या. बायजा म्हणाली, नाक सरळ होतं. दुसरी म्हणाली, छे गो, बसकं होतं. तिसरीला गालावर तीळ आठवत होता, पण कुठल्या गालावर ते आठवत नव्हतं. नामाने जीव लावून एक चेहरा काढला. सगळ्या बायका वाकून वाकून बघू लागल्या आणि एकदम हसत सुटल्या.

"अरं, ही तर तुजीच आय!" बायजा म्हणाली.

खरंच होतं ते. नामाच्या हातून त्याला रोज दिसणाराच चेहरा उतरला होता. बिचाऱ्याने ओल्या कापसाने तो पुसला आणि कानापर्यंत लाल झाला. जनीने मात्र हसता हसता कपाळावर हात मारला. "आपण तिला आठवत कशाला बसलोय?" ती म्हणाली. "केसरमावशी जिती हाय की बोर्लीला!"

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, गलबतं चालू झाली होती. बोर्लीच्या बाजूला जाणाऱ्या एका गलबताच्या तांडेलाकडे जनीने निरोप दिला, "मावशीला सांगा, तुझं तोंड कसरीनं खाल्लं. दसऱ्याच्या आत ये."

दिवस जाऊ लागले. वाचनालयाला चुना लागला, पुस्तकं मांडून झाली, माझ्या चौकटीला नवी काच आली. मी डावीकडचं भोक घेऊन टेबलावर पडून होतो. ती येईल का? या वयात समुद्रातून कोण निघतं? जनी रोज धक्क्यावर जाऊन परत यायची आणि माझ्याकडे न बघता कामाला लागायची.

दसऱ्याला थोडेच दिवस उरले असताना दाराशी नारळांचं पोतं धपकन पडलं, आणि मागून आवाज आला, "कुटं हाय तो फोटो? माजं तोंड कोनी खाल्लं, मना बगू दे!"

केसरमावशी आली होती. केस पिकलेले, पुढचे दात गेलेले, पाठीत थोडी वाकलेली. बायजा आणि ती गळ्यात गळा घालून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग केसर माझ्यापुढे आली. भोक पाहून तिला वाईट वाटेल म्हणून जनी घाबरली होती. पण केसरने कमरेवर हात ठेवले आणि खदखदून हसली.

"बरं झालं गो! त्या तोंडाचे डोले मिटलेले व्हते. तो फोटोवाला बुवा काल्या फडक्यात घुसला, मना वाटलं आता बार उडवतो. मी डोले गच्च मिटले. बांधावर जागी व्हती ती मी, आनि फोटोत निजलेली ती बी मीच!"

खरं होतं ते. मला तर ते कायम ठाऊक होतं.

नामा कुंचला घेऊन बसला. "मावशी, अशीच बस. तुला बघून तवाचं तोंड काढतो."

"तवाचं कशाला? आज जिती बसलेय तुमच्याम्होरं. हीच घाला तितं."

जनी चाचरत म्हणाली, "पन मावशी, बाकीच्या सगळ्या तरण्या, आणि तू..."

"मंग? मी म्हातारी जाले ती काय चोरून जाले?"

नामाने कुंचला खाली ठेवला आणि बाबाजींना निरोप धाडला. बाबाजी दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन हजर झाले. त्यांनी तिला त्याच बांधावर, तशाच उन्हात बसवलं. पहिला फोटो मोठा आला, तिचं डोकं बाकीच्यांपुढे कलिंगडाएवढं दिसू लागलं. तो तिने नातवंडांना दाखवायला ठेवून घेतला. मग बाबाजींनी कॅमेरा पार मागे नेला. ते फडक्यात शिरले तशी बायजा तिच्या कानात काहीतरी पुटपुटली, केसर तोंडभर हसली, आणि बाबाजींनी तेवढंच टिपलं. बायजा काय म्हणाली, ते दोघींनी अजूनही कोणाला सांगितलेलं नाही.

हिरामणने तो इवलासा चेहरा पात्याने कापला, कडा काचकागदाने घासून पातळ केल्या आणि खळ लावून माझ्या भोकात बसवला. नामाने काजळीत चहाचं पाणी कालवून जोड असा झाकला की बोट फिरवलं तरी कळू नये. यावेळी त्याला कोणी हसलं नाही. मला मात्र विलक्षण वाटत होतं. माझ्यातलं कोणीतरी पहिल्यांदाच हसत होतं.

दसऱ्याला सारा गाव लोटला. जनीने माझ्यावरचं फडकं काढलं. लोक पुढे सरकले, बघतच राहिले. मागून एक जण म्हणाला, "हे काय? आठ पोरी आनि एक म्हातारी एका वलीत?"

बायजा गर्रकन वळली. "भोकात बसली तवा वय इचारलं व्हतं का कोनी तिला?"

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा गावच हसू लागला, आणि तो प्रश्न विचारणारा सगळ्यांत मोठ्याने. पोरांनी केसरमावशीभोवती कोंडाळं केलं. "आजी, पानी गार व्हतं का? खेकडा चावला का?" ती सांगत होती, हातवारे करत होती, आणि बांध कोणी राखला ते त्या दिवशी बेलखारच्या पोरापोराला कळलं.

गर्दी ओसरल्यावर ती एकटी माझ्यासमोर आली. त्या नऊ जणींपैकी दोघी तोवर हे जग सोडून गेल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर तिने काचेवरूनच हात फिरवला, मग नऊही जणींची नावं घेतली आणि जनीला म्हणाली, "पोरी, ही नावं तू पाठ कर. मी जानार बोर्लीला."

जनीने ती पाठ केली. आता ती अक्षरं शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी ही नऊ नावं लिहायला लावते.

मित्रांनो, माझं आता छान चाललं आहे. भिंत कोरडी आहे, काच रोज पुसली जाते. पण माझे कितीतरी भाऊबंद अजून माळ्यांवर, पेट्यांच्या तळाशी, ओल्या भिंतींवर पडून आहेत. त्यांना खाली काढा. त्यांना ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, आणि काही बिघडलं तर घाईने कापू नका. एवढ्यावरही थांबू नका. घरात जे सगळ्यांत म्हातारं माणूस असेल त्याच्या मांडीवर तो फोटो ठेवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हे कोण?" सांगताना ते माणूस हसायला लागलं, की समजा, तुमच्या घरातला फोटो दुरुस्त झाला.