पंक्चरवाल्याचं फुप्फुस

भिंगरी हे काही तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हतं, पण तिला पाच मिनिटं पाहिलेल्या माणसाला दुसरं नाव सुचलं नसतं. बाकावर धड बसणं तिला कधी जमलंच नाही. त्या दिवशी तर पाय ऐकायलाच तयार नव्हते. कारणही तसंच होतं. तिचे बाबा पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. त्यांच्या बरगड्यांमधून एक नळी आत घातली होती आणि नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं होतं. सकाळीच डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की उद्याच्या एक्स-रेत फुप्फुस नीट उघडलेलं दिसलं नाही, तर ऑपरेशन करावं लागेल.

बाबा पंक्चरं काढायचे, सायकलींची आणि कधीमधी ट्रकचीही. एका सायकलीचं चाक आवळता आवळता छातीत कळ आली आणि माणूस तिथंच मट्कन बसला. डॉक्टरांनी समजावलं की कुणाकुणाच्या फुप्फुसावर एखादी जागा पातळ असते, ती आपोआप फुटते. मग हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आक्रसून जातं. आईला यातलं काहीच कळलं नाही. बाबांना मात्र लगेच कळलं. म्हणजे पंक्चर, असं ते म्हणाले आणि डॉक्टरही हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

झालं असं, की पलंगाखालच्या बाटलीत बुडबुडे येत. आता पंचवीस वर्षं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणाऱ्या माणसाला कुणी सांगावं, की यांच्याकडे लक्ष देऊ नका? ते डोळ्यांत तेल घालून बाटलीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना शोध लागला, की मोठा श्वास घेतला किंवा खोकलं की बुडबुड्यांची माळच्या माळ येते, आणि चिमणीच्या चोचीएवढा श्वास घेतला तर एकही येत नाही. झालं. दुकानात त्यांचा नियमच होता, पॅच वाळेपर्यंत ट्यूबमध्ये हवा भरायची नाही. तो नियम त्यांनी स्वतःच्या छातीला लावला. सिस्टर दिवसातून चारदा येऊन सांगत, मोठा श्वास घ्या, खोका. बाबा मान डोलवत, त्यांच्यासमोर एखादा श्वास घेऊन दाखवत आणि पाठ वळली की पुन्हा आपले घोट घोट श्वास सुरू.

हे गुपित फक्त भिंगरीला ठाऊक होतं. भेटायच्या वेळेत ती पलंगाशेजारी उकिडवी बसून बुडबुडे मोजायची. परवा तासात चाळीस होते, काल नऊ. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती आणि ती हरखून गेली होती.

तर आता शाळा. विज्ञानाच्या बाईंनी प्रत्येक गटाला एक प्लास्टिकची बाटली, एक स्ट्रॉ, थोडी चिकणमाती आणि दोन फुगे दिले होते. बाटलीचा तळ कापायचा. एक फुगा स्ट्रॉला बांधून झाकणातून आत सोडायचा, ते फुप्फुस. दुसरा कापून तळाला ताणून बसवायचा, ते श्वासपटल. खालचं रबर ओढलं की आतला फुगा फुगतो, सोडलं की बसतो. कुणी फुंकर मारायची नाही, असं बाईंनी तीनदा बजावलं होतं, तरी निम्म्या वर्गाने स्ट्रॉ तोंडात घातलाच. बाई वैतागून म्हणाल्या की आपल्या छातीत कुणी बाहेरून फुंकर मारतं का? श्वासपटल खाली जातं, आत जागा होते, म्हणून हवा आत येते.

भिंगरीच्या गटाचा फुगा काही केल्या हलेना. तिच्या जोडीदाराने, ज्याला सगळे ढब्बू म्हणत, रबर ओढून ओढून बोटं लाल केली. भिंगरीने बाटली उचलली आणि हात धुवायच्या बादलीत बुडवली. रक्तातच होतं ते. झाकणातून स्ट्रॉ जिथे आत गेला होता, तिथे बुडबुडे आले. तिने तिथे चिकणमाती थापली आणि फुगा टम्म फुगला. बाईंनी शाबासकी दिली. एरवी भिंगरी त्यावर आठवडाभर जगली असती. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि डोक्यात उद्याचा एक्स-रे. तिने ढब्बूच्या शर्टाला लावलेली टाचणी काढली, फुगा बाहेर ओढला आणि त्याला भोक पाडलं.

ढब्बू बोंबलला. बाई आल्या, तर ही पोर बाटली पुन्हा जोडून हळूहळू रबर ओढत बसलेली. फुगा ढिम्म. थोडं ओढलं, थोडं सोडलं, पुन्हा तेच. हवा भोकातून बाटलीत झिरपत होती आणि फुगा चिंधीसारखा लोंबकळत होता. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, जोरात ओढून पाहिलंस का? भिंगरीने रबर एका दमात खाली खेचलं. फुगा फुगला, बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटला, आणि जिथे चिकटला तिथेच नेमकं भोक होतं. तो तसाच राहिला. तिने मनातल्या मनात वीस मोजले, तरी तो बसला नाही.

बाई म्हणाल्या, बाटली म्हणजे माणूस नव्हे, पण भोक बुजायचं तर फुग्याने भिंतीला टेकायला हवं, एवढं खरं. मोठा श्वास नको म्हणणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून भिंगरीने नऊ बुडबुडे मोजले होते, आणि खूश झाली होती.

शेवटचे दोन तास तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. घंटा झाली तशी ती बाटली काखेत मारून धावत सुटली. आई वॉर्डाच्या दाराशी औषधांच्या रांगेत होती, तिने हाक मारली, पण भिंगरी थांबली नाही.

बाबांनी आधी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि माती नीट दाबली नाहीस म्हणून नाक मुरडलं. मग तिने थोडं थोडं ओढून दाखवलं. मग एका दमात ओढून दाखवलं. बाबांनी बाटली घेतली आणि स्वतः केलं. दोनदा, तीनदा. बोटं त्यांची, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पॅच ट्यूबवर दाबून धरला तरच चिकटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी बाटली उशाशी ठेवली.

"कळतंय गं," ते म्हणाले. "सिस्टर म्हणाली तेव्हाही कळलं होतं."

"मग?"

"पंक्चरचं तुला सांगायला बरं होतं. खरं म्हणजे भीती वाटते. मोठा श्वास घेतला की आत काहीतरी फाटेल असं वाटतं."

बाबांना भीती वाटते हे वाक्य भिंगरीने आयुष्यात ऐकलं नव्हतं. भर रस्त्यात ट्रकखाली शिरून चाक काढणारा हा माणूस. तिला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मलाही वाटते, बाबा. खूप."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सिस्टरला बोलवायला सांगितलं. सिस्टर आल्या, पाच दिवसांत पहिल्यांदा खरं काय ते ऐकून घेतलं आणि त्यांना जरा राग आला. दुखू नये म्हणून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि नळीच्या बाजूला उशी घट्ट धरायला दिली. मग म्हणाल्या, घ्या मोठा श्वास, साठलेली हवा बाहेर येऊ दे.

बाबांनी श्वास घेतला. मान ताठ झाली, बोटं उशीत रुतली, कपाळावर शीर उमटली. मग ते खोकले आणि पलंगाखालची बाटली खळखळ उकळल्यासारखी झाली. भिंगरी सवयीने खाली वाकली. एक, दोन, पाच, अकरा. एवढे बुडबुडे पहिल्या दिवशीही नव्हते.

"मोजू नकोस," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "इकडे बघ."

तिने मान वर केली. पाच दिवस ती रोज येत होती आणि पाच दिवस बाटलीकडेच बघत होती. बाबांची पांढरी दाढी वाढली होती, गाल बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. भिंगरीने आपल्या बाहीने त्यांचं तोंड पुसलं. बाबांनी उशी पुन्हा घट्ट धरली आणि तिच्याकडे बघत पुढचा श्वास घेतला.