अडचणीचं पाणी

लालासाहेबानं जीपच्या मागच्या फळीवरून पाण्याच्या दोन डब्यांतला एक खाली घेतला, झाकण फिरवून काढलं आणि आत नाक घालून वास घेतला. आठ दिवसांचं पाणी झालं होतं. ते त्यानं घरच्या हंड्यात ओतलं आणि बायकोनं, धोंडुबाईनं, दीड कोसावरून नुकतीच आणलेली घागर डब्यात रिकामी करायला घेतली.

दाराशी बसलेला तात्याबा हे बघत होता. तात्याबा धोंडुबाईचा बाप. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माण तालुक्यात बोकडाला चघळायला पाला उरला नव्हता, तेव्हा पन्नासातली उरलेली अकरा मेंढरं हाकत तो लेकीच्या दारी म्हसवडजवळ आला होता. मेंढरं कुडाच्या सावलीत मान टाकून पडली होती. चार दिवस टँकर फिरकला नव्हता.

"पावनं, त्यातला एक डबा द्या की मेंढरास्नी," तो म्हणाला.

"मामा, ते अडचणीचं पाणी हाय."

म्हातारा हसला. त्याला दात नव्हते, त्यामुळं हसू जरा उशिरा कळायचं.

"अडचण म्हंजी कशी असती वो? शिंगं असत्यात का तिला?"

 डबे भरून लालासाहेबानं फळीवर ठेवले आणि दोरानं आवळले.

तो फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत आल्यावर लिलावातली जीप घेऊन तो म्हसवड-सांगली वाहतूक करायचा. कधी माणसं, कधी कांदा, परतीला गुळाच्या ढेपा. पण गाडीत कितीही गर्दी झाली तरी मागची फळी त्याच्या सामानाची. ताडपत्री, दोर, फावडं, स्टोव्ह, कंदील, दोन घोंगड्या, औषधाची पेटी, गूळ-फुटाण्याचा डबा आणि पाणी. उतारू थट्टा करायचे, "हवालदार, संसार घेऊनच हिंडताय जनू." तोही हसून घ्यायचा. पासष्ट साली राजस्थानात त्याचा ट्रक वाळूत रुतला होता. दोन दिवसांनी मदत आली तेव्हा शेजारी बसलेला विट्याकडचा केरबा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गार पडला होता. त्या ट्रकात दोर होता, फावडं होतं. पाणी नव्हतं.

हे धोंडुबाईला ठाऊक होतं. म्हणून तर ती घागर आणून त्याच्यापुढं ठेवायची आणि काही बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी ती खडी फोडायच्या कामावरून परतली तर बाप नव्हता, मेंढरंही नव्हती. शेजारणीनं सांगितलं, म्हातारा उजाडताच निघाला. म्हणाला, कृष्णेचं पाणी पाजतो यास्नी.

"सांगली काय हितं हाय व्हय?" धोंडुबाईनं हातातली पाटी खाली टाकली. "तीस कोस हाय ती!"

"दिघंचीपातूर जाईल आन् माघारी वळंल," लालासाहेब म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं. गाडीतलं पेट्रोल तळाला गेलं होतं आणि पंपावर उद्या मिळणार होतं.

पेट्रोल मिळायला दुसरा दिवस कलला, आणि तोवर म्हातारा माघारी वळला नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटेच ते दोघं निघाले.

पहिलं मेंढरू दिघंचीच्या अलीकडं सापडलं. रस्त्याकडेला पाय ताणून पडलं होतं. धोंडुबाईनं खाली उतरून त्याचा कान उलटून पाहिला आणि मुकाट्यानं परत येऊन बसली. पुढं ओढ्याच्या कोरड्या पात्रात दोन. आटपाडीच्या पुढं एका वळणावर तीन, एकमेकांना चिकटून. तिनं पुढं उतरणं सोडून दिलं. नुसतं म्हणायची, "कानतुटकी," "भुरी." लालासाहेब गाडी हळू करायचा आणि परत वेग घ्यायचा.

भिवघाटाच्या वाटेवर एका बोडक्या बाभळीखाली तात्याबा आडवा पडलेला दिसला. शेजारी एकच मेंढी उभी होती.

लालासाहेबानं गाडीतून उडी टाकली. पुढची पाच मिनिटं त्याच्या हातांना काही सांगावं लागलं नाही. ताडपत्रीचं एक टोक बाभळीला, दुसरं गाडीला, सावली झाली. घोंगडी अंथरली. धोतराचा सोगा भिजवून म्हाताऱ्याच्या कपाळावर, काखेत, मानेवर. वाटीत गूळ, चिमूटभर मीठ, पाणी. चमच्यानं थेंब थेंब. काही म्हणजे काही कमी नव्हतं. आठ वर्षं ज्यासाठी सगळं बांधून ठेवलं होतं ते आता बरोब्बर त्याच क्रमानं हाताशी येत होतं, आणि लालासाहेबाला त्या घडीला जवळजवळ बरं वाटत होतं. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

पाच-सहा चमचे गेल्यावर म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"पानी कुठनं आनलं?"

धोंडुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"गाडीतलंच हाय, मामा."

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. त्यात राग नव्हता. पुढचा चमचा ओठाशी नेला तेव्हा पाणी गालावरून खाली ओघळलं. घसाच मिटला होता, की त्यानं मिटून घेतला, हे लालासाहेबाला पुढं कधीही ठरवता आलं नाही.

धोंडुबाई उठली. तिनं दुसरा डबा फळीवरून ओढला, पत्र्याच्या पाटीत पाणी ओतलं आणि मेंढीपुढं ठेवलं. मेंढीनं तोंड बुडवलं ते वर काढलंच नाही. 

म्हाताऱ्याला मागं आडवं घालून, मेंढी त्याच्या पायाशी बांधून ते सांगलीला पोचले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हाताला सुई लावली, बाटली टांगली. ती बाटली अर्धी व्हायच्या आत तात्याबा गेला. संध्याकाळी कृष्णाकाठी त्याला अग्नी दिला. दोन दिवसांनी राख नदीत सोडली. नदी आटली होती, पण मधून धार वाहत होती. राख काही वेळ काठाशी रेंगाळली, मग धारेला लागली.

गावाकडची बनुबाई हळदीच्या वखारीत निवडायच्या कामाला होती. वखारीमागच्या तिच्या खोलीत ते तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी सकाळी लालासाहेबानं गाडी पुसली.

"चल, निघू."

धोंडुबाई मेंढीपुढं पाला टाकत होती.

"मी हितंच ऱ्हाते. बनुबाईनं इचारलंय मालकास्नी. काम हाय."

"किती दिस?"

ती पाला पसरत राहिली.

"आगं, कवा न्यायला येऊ?"

"तुमी जावा. ऊन व्हायच्या आत."

 मग त्यानं फळीवरचा दोर सोडला. स्टोव्ह उतरवला, ताडपत्री उतरवली, घोंगड्या, कंदील, पेटी, दोन्ही डबे. सगळं खोलीच्या दाराशी ओळीनं लावलं.

"हे ठेव तुला."

तिनं त्या सामानाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हितं काय करायचं त्येचं?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "नळ हाय."

त्यानं एकेक वस्तू उचलून परत गाडीत ठेवली. दोर ओढून गाठ मारली. डबे रिकामेच होते, तरी आवळले.

गाडी सुरू झाली तेव्हा ती नळावर होती. घागरीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात तिला गाडी ऐकू आली की नाही, हे त्याला कळलं नाही.