एकहार्टच्या पिस्तुलाचं खाणं

"अहो, मुलगी बघायला निघालाय का? तिसऱ्यांदा शर्ट बदललात!" नीलांबरी हसत म्हणाली.

"तसंच समज," म्हणत नरेंद्रने गाडीची किल्ली उचलली. पोहे तसेच टाकून तो निघाला.

नरेंद्र जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं टेस्टर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारच्या टीमला त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. पण गावच्या नेमबाजी क्लबात, शुत्सनफेराइनमध्ये, गडी खुलायचा. तिथे त्याला पिस्तूल धरायला शिकवलं ते एकहार्टने. ऐंशीला टेकलेला हा सुतार, आणि त्याच्याकडे जर्मन सैन्याने निकालात काढलेलं जुनं पिस्तूल. आता म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते, परवाना परत करायचा होता. पिस्तूल दुसऱ्या परवानेवाल्याकडे जाणार, नाहीतर सरकारी भट्टीत.

"नरेन, तुलाच देईन," एकहार्ट म्हणाला होता. पिस्तुलाला तो 'ती'च म्हणायचा. "पण तिला काय पचतं ते तू शोध. आठ गोळ्या, एकही अडकता कामा नये. अडकली तर भट्टी बरी. चुकीचं खाऊ घालणाऱ्याच्या घरी मी तिला पाठवणार नाही."

झालं! उन्हाळाभर नरेंद्रला दुसरं काही सुचेना. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचे बाजार धुंडाळून त्याने काडतुसांच्या डब्या जमवल्या आणि दर शनिवारी क्लबात एकेक चाखवून पाहिली. पोकळ नाकाची गोळी नळीच्या तोंडाशीच अडायची. हलकी गोळी पिस्तुलाचा सरकता मागचा भाग पुरता ढकलत नसे. फिकट अक्षरांच्या डब्यांतली जुनी लष्करी काडतुसं दिसायला राजबिंडी, पण त्यांच्या धुराने नळीला गंज चढतो; झाडून झाल्यावर गरम पाण्याने धुवत बसा. शेवटी गोल नाकाची, वजनदार, नवी चेक काडतुसं तिला मानवली. नरेंद्रला तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

आणि काल खंडेनवमी. वडील शिंपी होते. त्या दिवशी त्यांच्या कात्रीला हळदकुंकू लागायचं. नरेंद्रने तळघरातली तिजोरी उघडली, निवडलेली काडतुसं पाटावर मांडली आणि उत्साहाच्या भरात प्रत्येकाला ओल्या हळदीचं चांगलं ठसठशीत बोट लावलं. शुभ म्हणून पुसलंही नाही.

आज क्लबात एकहार्ट मागे हात बांधून उभा राहिला. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरीला पिस्तुलाचा मागचा भाग अर्ध्यावरच थांबला.

"शाडं, वाईट झालं," एकहार्ट हळूच म्हणाला आणि पिस्तूल परत घ्यायला त्याने हात पुढे केला.

नरेंद्रने पिस्तूल सोडलं नाही. नळी निशाण्याकडेच ठेवून त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, अडकलेलं काडतूस बाहेर घेतलं. त्यावर वाळून कडक झालेला पिवळा थर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याने स्वतःची अशी वाजतगाजत आणली होती!

"एकहार्ट, गोळी बरोबर आहे. गाढव मी आहे. ही हळद. काल आमच्याकडे शस्त्रांची पूजा होती."

"स्वयंपाकात घालता ती?"

"हो, तीच."

एकहार्टने काडतूस अगदी डोळ्यांजवळ नेलं, बोटाने चाचपलं.

"चाळीस वर्षं मी तिला तेल दिलं," तो म्हणाला. "पूजा करायचं नाही सुचलं कधी."

मग त्याने खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि डबीतलं उरलेलं एकेक काडतूस स्वतः पुसलं.

"पुन्हा. आठ."

आठही सुटल्या. एकामागून एक, सुरळीत! "सुटल्या! आठही सुटल्या!" नरेंद्र मराठीत ओरडला, तशी शेजारच्या लेनमधली माणसं वळून बघू लागली. एकहार्टने त्याचा हात दाबला. "गेनाऊ, अगदी बरोबर. तुझी झाली."

नरेंद्रने पिस्तूल आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. नीलांबरीला फोन लावायला तो वळला, तेव्हा एकहार्ट आपली पेटी बंद करत होता. आत काही नव्हतं. तरी त्याने दोन्ही खिट्ट्या लावल्या, छोटं कुलूप घातलं, ते ओढून पाहिलं. उचलताना पेटी हाताला हलकी लागली, तसा तो जरासा थांबला. मग रोजच्यासारखा एक खांदा झुकवून, सांभाळून, ती दाराकडे घेऊन गेला.