विटेचा आकडा

"आमची शाळा जमिनीत जाणार का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती या वर्षी वक्तृत्वात पहिली आली काय, नि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून उरलं नाही. तेव्हापासून वर्गात तिचं नाव टकळी. पैज सोडणं तिला आता शक्यच नव्हतं. मैत्रिणींना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मैदानात यंत्रापाशी चिखलाने माखून उभा असलेला, जमिनीत नळी ठोकून तिचा कस बघणारा तो ठोकेवाला टकळीचा बाप होता.

ती गेली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाबा, आमची शाळा जमिनीत जाणार का?"

मागची खुसखुस एकदम थांबली. टकळीची मान आपोआप ताठ झाली.

बाबांनी उजवा कान पुढे केला. डावा कान इतक्या वर्षांच्या ठोक्यांनी कधीच कामातून गेला होता. "मी कोण सांगणारा? जमीन सांगेल. उभ्या राहा नि मोजा."

ती सगळी वस्तीच समुद्रात भराव घालून उभी केलेली. गेल्या आठवड्यात अर्धं मिनिट धरणी हलली, तर मैदानात जागोजागी वाळूमिश्रित करडं पाणी उसळलं, व्हॉलीबॉलचा खांब कलला आणि पूर्वेची इमारत वीतभर खाली बसली. रविवार होता म्हणून कुणाला काही झालं नाही. आता पश्चिमेच्या इमारतीवर भिस्त होती. वीस फूट खोलीवर पंधराच्या वर ठोके लागले, तर सोमवारपासून दहावीचे वर्ग तिथे भरणार. नाहीतर वर्गाचे तीन तुकडे करून तीन शाळांत पाठवणार, असं मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं.

बाबांनी मुलींना आधी एक गंमत दाखवली. बादलीत ओली वाळू, वर एक वीट. वीट ऐटीत बसलेली. त्यांनी बादलीला तळहाताने चारदोन थापट्या मारल्या आणि वीट बघता बघता वाळूत गडप झाली. मुलींचे डोळे विस्फारले. एकीने तर स्वतःच्या पायांखाली पाहून घेतलं.

मग यंत्र सुरू झालं. वजन वर जायचं, धाडकन नळीच्या दांड्यावर पडायचं. नळी एक फूट खाली जायला किती ठोके लागतात, एवढाच हिशोब. बाबा कानाने नाही, तळपायाने मोजत होते. मुली मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. बारा. तेरा. पंधरा झाल्यावर कुणी कुणाला मिठी मारतंय याचा पत्ता नव्हता. आकडा एकतीसवर थांबला. इंजिनिअर मॅडमनी हसत हसत तो वहीत लिहिला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी नळी वर काढून उघडली. तिच्या तोंडात अंगठ्याएवढा विटेचा तुकडा अडकला होता.

टकळी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, असू दे ना."

त्यांनी तुकडा मॅडमच्या हातावर ठेवला. "मॅडम, हा वाळूचा आकडा नाही. विटेचा आहे."

मॅडमनी एकतीसवर काट मारली आणि यंत्र चार पावलं सरकवायला सांगितलं. या वेळी ओरडायला कुणी पुढे आलं नाही. टकळी एकटीच मनातल्या मनात मोजत होती, आणि सातला ती थांबली, कारण तेवढ्यातच नळी फूटभर खाली गेली होती.

"तुझ्या बाबांना एवढा एक तुकडा खिशात घालता येत नव्हता?" जाताना एक मैत्रीण म्हणाली. टकळीला, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या टकळीला, उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि बाबा नखांतली माती काढत बसले होते. टकळीकडे न बघता ते म्हणाले, "'असू दे' म्हणालीस ते कळलं मला. ओठ दिसले तुझे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मलाही तेव्हाचे साहेब असंच म्हणाले होते. नवीन होतो. नळीत शिंपला सापडला होता. मी असू दिलं." हात झटकत ते म्हणाले, "पूर्वेची इमारत."

आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. एवढ्या संसारात तिनेही हे ऐकलं नव्हतं.

टकळीच्या डोळ्यांसमोर तो वीतभर खचलेला जिना आला. रोज सकाळी, रविवार सोडून, साडेतीनशे मुलं त्यावरून पळायची. मैत्रिणीला द्यायचं उत्तर तिला आता सापडलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी छातीतून उसळून वर आलं. ती उठून उभीच राहिली.

"मी मातीचंच शिकणार. आणि या सुट्टीत तुमच्याबरोबर ठोके मोजायला येणार."

"आधी स्वतःच्या बुटांची माती काढ," आई म्हणाली, पण तिचा आवाज ओला झाला होता.

बाबांनी खुर्ची फिरवली आणि उजवा कान लेकीकडे केला.

"परत सांग," ते म्हणाले.

त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, हे तिला कळलं. तरी तिने परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.